पन्नास रुपयांची तार



यंदाच्या वाळवणांवर लिहीन असं मी मागे म्हटलं होतं. त्याऐवजी आज आमच्या पिकअप गाडीच्या क्लचजवळच्या एका बोटभर स्विचवर लिहिते आहे. पान चुकलं असं समजू नका. या दोन गोष्टींचा संबंध आमच्या अंगणातच आला. तो आधी सांगते, मग माझं म्हणणं मांडते.

आमचं दारव्ह्याला ठोक किराण्याचं दुकान. एमएच-२९ पासिंगची बारा वर्षांची पिकअप आहे. आठवडी बाजारांना माल पोचवायचा, येताना डाळ-तांदूळ भरून आणायचा, हे तिचं काम. आमच्या लहानपणी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायची. मुळात ती कापसासाठीच बांधलेली. ती थांबली, आणि आता आमच्याकडे माल म्हणजे पिकअप असंच समीकरण झालं आहे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा बाजार गेला.

गेल्या दिवाळीच्या आधी एका पहाटे माल भरून तयार, ड्रायव्हर बसला, चावी फिरवली आणि काहीच नाही. समोरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ घेईना. घरातल्या सगळ्या पुरुषांनी एकमुखाने "बॅटरी गेली" म्हणून जाहीर केलं. बॅटरी चार्ज करून आणली, तरी तेच. धक्का मारला की गाडी चालू व्हायची. मग रोज पहाटे दोन हमाल, मुलगा आणि एकदा मीसुद्धा पदर खोचून धक्का मारायला. चौथ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी पेडलखाली मान घालून पाहिलं आणि म्हणाले, "काकू, क्लचचा स्विच गेलाय. इथे मिळणार नाही, बाहेरून मागवावा लागेल, दोन-तीन दिवस जातील. नाहीतर दोन तारा जोडून देतो. दहा मिनिटांचं काम आहे."

दिवाळीचा बाजार. दोन-तीन दिवस कोण थांबणार? मुलाने माझ्याकडे पाहिलं, कारण घरचा आणि गाडीचा हिशेब माझ्याकडे असतो. मी म्हटलं, "जोडा." वहीत लिहिलं, 'गाडी दुरुस्ती, तार, ५० रुपये.' स्वस्तात सुटलो म्हणून बरंही वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना दोष मिस्त्रींचा किंवा ड्रायव्हरचा असं कुणाला वाटू नये. 'हो' मी म्हटलं होतं.

आता हा स्विच करतो काय, ते समजून घेऊ. अवघड नाही. आपल्या मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर अनेक मिक्सर फिरतच नाहीत. वॉशिंग मशीनचं झाकण उघडं असेल तर ते थांबतं. गिअर नसलेली स्कूटी ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाही. ही सगळी एकाच जातीची कुलपं. 'आधी हे कर, मग ते होईल' एवढंच त्यांचं सांगणं. क्लचचा स्विच तोच. ज्या गाडीत तो बसवलेला असतो, तिथे क्लचचं पेडल पूर्ण खाली दाबलं की स्विचचं बटण दाबलं जातं, आत दोन संपर्क जुळतात आणि मगच चावीकडून स्टार्टरला हुकूम पोचतो. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाकं वेगळी झाली. मग गाडी चुकून गिअरमध्ये असली तरी सेल्फ मारल्यावर ती जागची हलत नाही.

जुन्या गाड्यांना हे लागत नव्हतं, असं आमच्या घरीही म्हणतात. खरं आहे. पण जुन्या गाड्या चालू कशा व्हायच्या ते आठवा. पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. त्याला ताकद लागे आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हळूहळू हँडल गेलं. गाडी बायकांच्या हाती यायला त्या स्टार्टरने मोठी मदत केली, असं मोटारींचा इतिहास सांगणारे लिहितात. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी गाडी चालू करायला कसलेला गडी लागायचा, आता एका बोटाने ती चालू होते. ते बोट कुणाचं आहे, हे गाडीला कळत नाही. म्हणून मध्ये एक पहारेकरी बसवावा लागला. आम्ही ५० रुपयांत तो पहारेकरी काढून टाकला होता.

पुढची गोष्ट वैशाखातली. चातुर्मासाच्या आत वाळवणं उरकायची म्हणून आम्ही घरच्या बायका सकाळी सकाळी अंगणात मुगवड्या घालत होतो. पिकअप रात्री माल घेऊन आली होती, अंगणातच उभी. अंगणाला थोडा उतार आहे आणि गाडीचा हँडब्रेक नीट धरत नव्हता, म्हणून ड्रायव्हरने नेहमीसारखी ती पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली होती. चावी तशीच लटकत होती. माझा सहा वर्षांचा नातू सुट्टी लागल्यापासून दिवसभर 'ड्रायव्हर' होता. तो आत चढून बसला ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडीच्या तोंडासमोर खाट, खाटेवर धुतलेलं लुगडं, त्यावर वड्यांच्या रांगा, आणि खाटेच्या या बाजूला पाटावर माझ्या धाकट्या जाऊबाई. त्या मिठाचा डबा आणायला आत गेल्या. त्यांचा पाय उंबऱ्यात असेल तेवढ्यात नातवाने चावी फिरवली.

गाडीने उडी मारली, मग दुसरी. खाट आडवी झाली, पाट चाकाखाली गेला, बंपर भिंतीला टेकला. पोराने घाबरून चावी सोडली, इंजिन पेटलं नव्हतं म्हणून गाडी थांबली. सगळं मिळून तीन-चार हात अंतर आणि मोजून दोन-तीन सेकंद. कुणाला खरचटलंही नाही. जाऊबाई डबा हातात धरून दारात उभ्या होत्या आणि आपल्या पाटाकडे पाहत होत्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी आमच्या घरी दुपारचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही.

स्विच जागेवर असता तर काय झालं असतं? पोराचा पाय क्लचपर्यंत पोचतच नाही. त्याने चावी फिरवली असती, दिवे लागले असते, बस्स. आम्ही त्याला कान धरून खाली उतरवलं असतं आणि वड्या घालत राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी यवतमाळला नेली आणि दुरुस्ती होईपर्यंत मी स्वतः शेजारी उभी राहिले. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने जे केलं ते क्रमाने सांगते. तुम्हाला स्वतःला पाना हाती धरायचा नसला तरी समोर उभं राहून विचारता यावं म्हणून.

सगळ्यांत आधी त्यांनी पायाखालची मॅट काढली. आमच्या ड्रायव्हरने रबरी मॅटवर धुळीसाठी पोत्याचा तुकडा टाकला होता. जाड थर झाला की पेडल पूर्ण खाली जात नाही आणि चांगला स्विचही दाबला जात नाही. म्हणजे कधी कधी दुरुस्ती एवढीच असते, पोतं उचलायचं. मग पेडलच्या दांड्यावर जिथे स्विचचं बटण टेकतं, तिथली प्लॅस्टिकची टिकली पाहिली. जुन्या गाड्यांत ही टिकली कडक होऊन तुटते, तिचे तुकडे मॅटवर सापडतात आणि बटण नुसतं भोकात शिरतं. तेव्हाही स्विच निर्दोष असतो. आमची टिकली शाबूत होती.

मग स्विचचा प्लग काढून मल्टिमीटर लावला आणि बटण बोटाने दाबून पाहिलं. पाच वेळा दाबलं, दोनदाच 'टीं' वाजलं. आतले संपर्क काळे पडले होते, बटण धुळीने चिकटत होतं. म्हणजे स्विच खरोखरच गेला होता. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, लॉकनट ढिला केला, जुना स्विच आटे फिरवून बाहेर काढला आणि तोच हातात घेऊन दुकानात गेलो. हे फार महत्त्वाचं आहे. काही गाड्यांत एकाच क्लच पेडलला दोन स्विच असतात, दिसायला भावंडं. एक स्टार्टरला परवानगी देतो, दुसरा इंजिनच्या कॉम्प्युटरला क्लच दाबल्याचं कळवतो. एक दाबल्यावर जोडतो, दुसरा दाबल्यावर तोडतो. प्लगचा आकार, पिना किती, आट्यांची लांबी, हे सगळं जुन्याशी जुळवून घ्यावं, नाहीतर नवा स्विच घेऊनही गाडी तशीच बसून राहते.

नवा स्विच बसवताना तो किती आत घ्यायचा हे पाहावं लागतं. पेडल तळाशी गेल्यावरच बटण पूर्ण दाबलं जावं, अर्ध्यावर नाही. मग लॉकनट घट्ट. आमच्या जोडलेल्या तारा कापून, झाळून, वर नळी चढवून पूर्ववत केल्या. नुसती चिकटपट्टी उन्हात सुटते आणि उघडी तार लोखंडाला लागली तर वेगळंच संकट. शेवटी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, पाय क्लचवरून काढून चावी फिरवली. गाडी गप्प. क्लच दाबून फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. त्या गप्प बसण्याचं मला जे समाधान वाटलं ते सांगता येणार नाही. हँडब्रेकची केबलही त्याच दिवशी बदलून घेतली.

खर्च: स्विच ४२० रुपये, मजुरी २००, तारांचं काम ८०. एकूण ७००. म्हणजे दिवाळीत तार जोडून मी ६५० रुपये वाचवले होते.

मी बी.कॉम. झालेली बाई. लेखाशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं की संभाव्य देणी ताळेबंदाच्या आकड्यांत दिसत नाहीत, खाली तळटिपेत लिहावी लागतात. आणि सावधगिरीचं तत्त्व असं की नफा हाती आल्याशिवाय धरायचा नाही, पण तोटा दिसू लागला की लगेच धरायचा. मी नेमकं उलटं केलं. ६५० रुपयांचा नफा लगेच धरला आणि समोर दिसणारा धोका तळटिपेतही लिहिला नाही. सहा महिने ते देणं आमच्या अंगणात उभं होतं आणि वहीत त्याचा मागमूस नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी वस्तू आपल्याला थांबवण्यासाठी बसवलेली आहे, ती थांबवते म्हणून काढून टाकू नये. ती बिघडली तर दुरुस्त करावी. तपासणीसाठी तार लावायला हरकत नाही, गाडी रोज चालवण्यासाठी मात्र स्विचच हवा.

यावर आमच्या घरीच दोन आक्षेप निघाले. मुलगा म्हणाला, "आई, रात्री दिग्रसच्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि तार जोडण्याशिवाय इलाज नसेल तर?" त्याचं बरोबर आहे. अडल्या रात्री माणूस रस्त्यावर ठेवायचा नाही. तेव्हा तार जोडावी, पण जोडल्याबरोबर स्टिअरिंगला लाल कापड बांधावं, आणि स्विच बसेपर्यंत ते सोडू नये. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ते कापड दिसलं पाहिजे. आमची चूक तार जोडण्यात निम्मी होती. उरलेली निम्मी, जोडल्यावर विसरून जाण्यात. दिवाळीनंतर बाजार थंडावला तेव्हा दोन दिवस गाडी सहज उभी ठेवता आली असती.

दुसरा आक्षेप ड्रायव्हरचा. "काकू, मी नेहमी गिअर पाहूनच सेल्फ मारतो." तोही खोटं बोलत नव्हता. पण स्विच चांगल्या ड्रायव्हरच्या चांगल्या दिवसासाठी नसतोच. तो झोप अर्धवट झालेल्या पहाटेसाठी, नवख्या बदली ड्रायव्हरसाठी आणि सुट्टीत आलेल्या नातवासाठी असतो.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरी पिकअप नसेल, पण शेतीला ट्रॅक्टर असेल. तिथे तर आणखी जपा. चावीने चालू होत नाही म्हणून खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय जगभर आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो तिथल्या तिथे पुढे निघतो, आणि चालू करणारा नेमका मागच्या मोठ्या चाकासमोर उभा असतो. अशाने माणसं गेली आहेत, जातात. आपल्या घरी कुणी असं करत असेल तर चहा नेऊन देतानाही एकदा टोका. राग येऊ द्या.

आणखी एक सांगते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. कारणं बरीच चर्चिली गेली. पण मास्क, हातमोजे, चष्मा अशी साधी साधनं अनेकांच्या अंगावर नव्हती, हे तेव्हा सगळ्यांनाच दिसलं होतं. मला तेव्हापासून वाटतं की संरक्षणाच्या वस्तूचा खर्च काम करणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नसतो, तो मालकाचा असतो. आमच्या गाडीत रोज बसतो तो ड्रायव्हर. तार जोडायची की स्विच बसवायचा हे ठरवणारी मी. गाडीखाली कुणी आलं असतं तर पोलीस त्याला घेऊन गेले असते. ५० रुपयांचा निर्णय माझा, आणि नाव त्याचं.

आपण पाणी गाळून पितो. सकाळच्या घाईत छन्ना मध्ये असला की हंडा सावकाश भरतो, हे रोज कळतं. म्हणून कुणी छन्ना फाडून टाकत नाही. जुना झाला तर नवा आणतो. जाणूनबुजून कुणाला मारायला आपण निघत नाही, पण हिंसा घडते ती बहुतेक वेळा प्रमादातून, बेसावधपणातून, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी ते मुंगीपुरतं लक्षात ठेवलं होतं. पिकअपपर्यंत ते पोचायला जाऊबाईंचा पाट चाकाखाली जावा लागला.

आता काय करायचं ते थोडक्यात. गाडीच्या चाव्या खुंटीवर, आणि खुंटी मुलांच्या हाताबाहेर. पेडलखाली एकच मॅट. महिन्यातून एकदा, आपल्या लक्षात राहायला चतुर्दशी धरा, घरातल्या जाणत्या माणसाला समोर मोकळी जागा ठेवून, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, क्लच न दाबता चावी फिरवायला सांगा. ज्या गाडीला हा स्विच आहे ती गप्प बसली पाहिजे. तिने सेल्फ घेतला तर कुणीतरी तार जोडलेली आहे किंवा स्विच आतल्या आत चिकटला आहे. आणि मालवाहू गाडी आठ वर्षांवरची असेल तर फिटनेस दरवर्षी काढावंच लागतं, पण तो कागद मिळाला म्हणजे आपली तपासणी संपली असं मानू नका.

मुख्य म्हणजे विचारा. "गाडीतलं तुला काय कळतं?" असं आपल्याला म्हणतात, आणि आपणही ते मान्य करून स्वयंपाकघरात जातो. मला परवापर्यंत काही कळत नव्हतं. तासभर शेजारी उभी राहिले, एवढं कळलं.

जुना स्विच मी फेकला नाही. हिशेबाच्या कपाटात ठेवला आहे, वहीच्या शेजारी. जाऊबाईंना नवा पाट करून आणला. मुगवड्या पुन्हा घातल्या, पण पावसाचे ढग येऊ लागल्याने यंदा निम्म्याच झाल्या. त्यांच्यावर पुढच्या वेळी लिहीन.

तोवर आज संध्याकाळी जेवणं आटोपली की घरातल्या गाडीवाल्याला एवढंच विचारा, "आपल्या गाडीत कुठे तार जोडलेली आहे का हो?" उत्तर काय येतं ते मला नक्की कळवा.